मजकूर आणि चित्रपत्र : मराठी ग्रंथांतील स्वतंत्र रंगीत विभागाची समीक्षा

प्रास्ताविक

वारजे येथील आमच्या महाविद्यालयात तृतीय वर्षाच्या वर्गाला वैचारिक गद्य शिकविताना अजिंठ्याच्या चित्रांवरील एक प्रकरण मी वाचावयास दिले होते. ग्रंथालयात त्या ग्रंथाची एकच प्रत असल्याने विद्यार्थ्यांनी प्रकरणाच्या छायाप्रती काढून आणल्या. वाचन सुरू झाले आणि दुसऱ्याच पृष्ठावर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, इथे रंगीत चित्र पाहावे असं लिहिलंय, ते चित्र कुठं आहे?" छायाप्रतीत ते नव्हतेच. ग्रंथातील सर्व रंगीत चित्रे एकत्र करून त्यांचा वेगळा विभाग केलेला होता, आणि तो या प्रकरणापासून सत्तर-ऐंशी पृष्ठे दूर होता. ग्रंथालयातील मूळ प्रत काढून पाहिली तेव्हा पुनर्बांधणीत तो विभाग ग्रंथाच्या अखेरीस गेलेला आढळला. त्याच्या पृष्ठांवर क्रमांक नव्हते, त्यामुळे चित्रांचा क्रम बरोबर आहे की चुकला, हे सांगण्याचाही काही मार्ग उरला नव्हता.

तो प्रश्न साधा होता. पण वर्गातील तास संपल्यावरही तो मनातून गेला नाही. रंगीत चित्रे एकत्र करून स्वतंत्र विभागात छापण्याची रीत मराठी ग्रंथव्यवहारात इतकी रुळलेली आहे, की तिची समीक्षा करावी असे कोणास फारसे वाटत नाही. ग्रंथाच्या परीक्षणात आशय, भाषा, मुद्रितशोधन यांची दखल घेतली जाते. चित्रांविषयी 'ग्रंथात आठ पृष्ठे रंगीत चित्रे आहेत' एवढे एक वाक्य येते. ती आठ पृष्ठे मजकुराशी कोणत्या नात्याने बांधलेली आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संज्ञा व व्याप्ती

'चित्रपत्र' म्हणजे मजकुराच्या पृष्ठांहून वेगळे, बहुधा गुळगुळीत आर्टपेपरवर छापलेले चित्रांचे पान. अशी पाने एकत्र केली की 'चित्रविभाग' तयार होतो. ज्या ग्रंथांत चित्र हेच मुख्य आहे आणि मजकूर त्याच्या मागून येतो, असे ग्रंथ येथे विचारात घेतलेले नाहीत. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः रंगविलेल्या रामायणचित्रांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो या वेगळ्या प्रकारातला होय. येथे विचार आहे तो मजकूरप्रधान ग्रंथांचा : कलेतिहास, स्थापत्य, वनस्पती व पक्षी यांवरील लेखन, कोशवाङ्मय आणि विद्यापीठीय प्रबंध.

कारणमीमांसा : कागद, शाई आणि फॉर्म

रंगीत छपाई महाराष्ट्राला नवी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली आणि शिळाछापाची रंगीत चित्रे घरोघर पोहोचविली. १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला. परंतु ही चित्रे भिंतीवर लावण्यासाठी होती. ग्रंथातील ओळींच्या शेजारी बसविण्यासाठी नव्हती. शिळेवरचे चित्र आणि खिळ्यांनी जुळविलेला मजकूर यांची छपाईच निराळी. दोहोंची गाठ पडे ती बांधणाऱ्याच्या हाताखाली.

हाफटोन ब्लॉक आल्यावर छायाचित्र मजकुराच्याच यंत्रावर छापता येऊ लागले. पण त्याचे बारीक ठिपके खरखरीत कागदावर नीट उठत नसत, शाई भरून चित्र काळवंडे. म्हणून एकरंगी छायाचित्रेदेखील आर्टपेपरच्या वेगळ्या पानांवर जात. चित्र मजकुरापासून वेगळे होण्याचे पहिले कारण अशा रीतीने कागद हे होते. ऑफसेट रुळल्यावर साध्या कागदावरही छायाचित्र बऱ्यापैकी उमटू लागले, आणि कृष्णधवल चित्रे मजकुरात परतली. रंगीत चित्रे मात्र बाहेरच राहिली. आता कारण होते शाई, म्हणजेच खर्च.

हा खर्च आकड्यांत मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. डेमी आकाराचे १९२ पृष्ठांचे पुस्तक घेतले तर १६ पृष्ठांचा एक याप्रमाणे त्याचे १२ फॉर्म होतात. प्रत्येक फॉर्मच्या दोन बाजू. म्हणजे एकूण २४ बाजू आणि काळ्या शाईच्या २४ प्लेटा. आता आठ रंगीत चित्रे मजकुरात जागच्या जागी ठेवली आणि ती आठ वेगवेगळ्या बाजूंवर पडली, तर त्या प्रत्येक बाजूस निळ्या, किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या तीन प्लेटा वाढतात. एकूण संख्या ४८ होते. हीच चित्रे आठ पृष्ठांच्या अर्ध्या फॉर्मवर एकत्र केली आणि कागद उलटवून त्याच प्लेटांनी दुसरी बाजू छापली, तर चार प्लेटांत काम भागते. मजकुराच्या २४ धरून एकूण २८. हजार-पाचशे प्रतींच्या मराठी ग्रंथाच्या प्रकाशकाने दुसरा मार्ग पत्करला, तर त्याला दोष देता येणार नाही. बालभारतीची शालेय पाठ्यपुस्तके रंगीत चित्र मजकुराशेजारीच देतात, कारण तेथे प्लेटांचा खर्च लाखो प्रतींवर विभागला जातो. शाळेत चित्राला लगटून वाचावयास शिकलेला विद्यार्थी महाविद्यालयात आल्यावर मात्र चित्र शोधत पाने उलटू लागतो.

अर्धा फॉर्म ग्रंथात बसवावयाचा तर तो दोन फॉर्मच्या सांध्यातच बसवावा लागतो : ९६ व्या पृष्ठानंतर, ११२ व्या पृष्ठानंतर, असा. प्रकरण तेथे संपत असेलच असे नाही. अनेकदा वाक्य अर्ध्यावर तुटते, वाचक आठ पृष्ठे चित्रे ओलांडतो आणि क्रियापदापाशी पोहोचतो. चित्रे तेथे का आहेत, याचे उत्तर आशयात नसून बांधणीत आहे.

तथापि खर्चाचा युक्तिवाद जितका निर्णायक मानला जातो तितका तो नाही. १६ पृष्ठांच्या नेहमीच्या फॉर्ममध्ये एका बाजूस १, ४, ५, ८, ९, १२, १३ व १६ ही पृष्ठे येतात. उरलेली आठ दुसऱ्या बाजूस. चित्रांची चर्चा मुख्यतः एकाच प्रकरणात असेल आणि ते प्रकरण एका फॉर्मात सामावत असेल, तर चित्रे या आठ पृष्ठांवर येतील अशी मांडणी करता येते. त्यासाठी तीनच प्लेटा वाढतात आणि चित्र मजकुराशेजारी किंवा फार तर एक पान उलटण्याच्या अंतरावर राहते. तेवढा फॉर्म अधिक चांगल्या कागदावर छापता येतो. हे साधण्यासाठी लेखक, संपादक आणि अक्षरजुळणी करणारा यांनी हस्तलिखित पूर्ण होतानाच एकत्र बसावे लागते. आपल्याकडे ही बैठक क्वचित होते. लेखक हस्तलिखित देतो, चित्रांचे पाकीट वेगळे देतो, आणि पुढे ती दोन्ही वेगळीच राहतात.

विभक्त तरीही बद्ध : याझदानींचा अजिंठा

चित्रे वेगळी छापली म्हणून नाते तुटतेच असे नाही, हे दाखविणारे मोठे उदाहरण अजिंठ्याचेच आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील अनेक १८८५ मध्ये लंडनच्या आगीत नष्ट झाल्या. ज्याला लेणी प्रत्यक्ष पाहणे शक्य नाही, त्याच्यासाठी मुद्रित चित्रपत्र हाच पुरावा उरतो, याची जाणीव अशा हानीतून झाल्यावाचून राहत नाही.

पुढे हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांचा 'अजिंठा' हा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघाला. येथे विभक्तता टोकाची आहे : मजकूर एका खंडात आणि चित्रपत्रे दुसऱ्या स्वतंत्र संचात. तरीही वाचकाची वाट चुकत नाही, कारण मजकूरच चित्रपत्रांच्या क्रमांकांना धरून चालतो. लेणे, भिंत, प्रसंग आणि पत्रक्रमांक असा निर्देश करून वर्णन येते. वाचकाने एका हाताशी मजकूर आणि दुसऱ्या हाताशी चित्रे ठेवावीत, हे गृहीत धरूनच तो ग्रंथ रचलेला आहे. पाठ्य व चित्र दोन जिल्दांत असूनही ग्रंथ एकच राहतो.

किंबहुना दोन स्वतंत्र जिल्दा एकाच जिल्दीतील दूरच्या विभागापेक्षा सोयीच्या ठरतात. त्या शेजारीशेजारी उघडून ठेवता येतात. एका जिल्दीत मात्र वाचकाला मधे बोट घालून पुढे-मागे जावे लागते.

विश्वकोशातील चित्रपत्रे

मराठीत या रीतीचा सर्वांत व्यापक वापर 'मराठी विश्वकोशा'त झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या खंडांत रेखाचित्रे व कृष्णधवल आकृती मजकुराच्या स्तंभांतच येतात, आणि वेगळ्या कागदावरील चित्रपत्रांकडे नोंदीत कंसातील निर्देशाने वाचकाला पाठविले जाते. अकारविल्हे रचलेल्या कोशाला ही पद्धत मानवते. नोंदींचा क्रम वर्णमालेने ठरतो, चित्रपत्राचा क्रम विषयाने ठरू शकतो. त्यामुळे जे विषय वर्णानुक्रमाने दूर पडले, ते चित्रपत्रावर एकत्र पाहता येतात. कंसातील तो लहानसा निर्देश म्हणजे नोंद आणि चित्र यांच्यातील पूल होय, आणि छापील खंडात तो पूल भक्कम होता.

हा कोश आता महाजालावर उपलब्ध झाला, ही मराठी वाचकाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांना तिचा रोज उपयोग होतो. परंतु छापील खंड हा एकसंध देह होता. जालावर प्रत्येक नोंद स्वतंत्र झाली. काही नोंदींखाली चित्रे दिसतात. काही ठिकाणी मात्र चित्रपत्राचा निर्देश तसाच राहिला आहे आणि चित्र शेजारी नाही. ज्याने छापील खंड कधी हाताळला नाही, त्याला 'चित्रपत्र' हा शब्द आणि त्यापुढील अंक कशाचा आहे, हेही उमगत नाही. येथे कोणाच्या परिश्रमास उणे लेखण्याचा हेतू नाही. मुद्दा इतकाच, की चित्र वेगळे ठेवण्याचा निर्णय एका माध्यमासाठी घेतला जातो आणि त्याचे परिणाम पुढच्या माध्यमालाही सोसावे लागतात. रंगीत चित्र नोंदीत समाविष्ट करण्यास जेथे एका प्लेटेचाही खर्च नाही, तेथेही जुन्या खर्चाची खूण उरते.

गद्यावर होणारा परिणाम

आतापर्यंत वाचकाच्या गैरसोयीचा विचार झाला. परंतु या रीतीचा अधिक खोल परिणाम लेखकाच्या गद्यावर होतो. मराठीत 'हा' आणि 'तो' या दर्शक सर्वनामांनी जवळचे आणि दूरचे असा भेद केला जातो. चित्र डोळ्यांसमोर असेल तर लेखक सहज लिहितो : 'ही निळी छटा पाहा, हिच्यामुळे हा चेहरा पुढे येतो.' चित्र शंभर पृष्ठे दूर असेल, तर तोच लेखक लिहितो : 'त्या चित्रात निळ्या छटेचा प्रभावी वापर केलेला आहे.' पहिल्या वाक्यात दाखविणे आहे. दुसऱ्यात सांगणे आहे. पहिले वाक्य वाचकाला पडताळून पाहण्याची मुभा देते, त्यामुळे लेखकाला काटेकोर राहावे लागते. दुसऱ्या वाक्यातील 'प्रभावी' हा शब्द पडताळता येत नाही. तो मान्य करावा लागतो.

मराठी कलाविषयक लेखनात 'लयबद्ध', 'आल्हाददायक', 'मनोहर रंगसंगती' अशा विशेषणांची जी दाटी आढळते, तिचे एक कारण मला येथे दिसते. चित्र दूर असल्याने विशेषणांना त्याचे काम करावे लागते. हे एकमेव कारण नव्हे. अभिरुची, परंपरा आणि परिभाषेचा अभाव हीही कारणे आहेत. परंतु विद्यार्थ्यांकडून एकाच चित्रावर दोनदा लिहून घेतले, एकदा चित्र समोर ठेवून आणि एकदा ते काढून घेऊन, तर फरक शिक्षकाच्या सहज लक्षात येतो. दुसऱ्या लेखनात वाक्ये लांबतात आणि रंगांची नावे कमी होतात.

प्रबंध आणि परिशिष्ट

आपणा अध्यापकांचा या प्रश्नाशी सर्वांत निकटचा संबंध प्रबंधलेखनातून येतो. माझ्या एम. फिल.च्या लघुप्रबंधात बारा रंगीत चित्रे होती. रंगीत पृष्ठाचा दर कृष्णधवल पृष्ठाच्या अनेक पट असल्याने ती मी एकत्र करून शेवटी परिशिष्टात घातली. रंगीत पाने वेगळ्या यंत्रावर निघाली, हाताने मधे सरकविली गेली आणि पाच प्रतींपैकी दोन प्रतींत दोन पानांची अदलाबदल झाली. त्या पानांवर मी पृष्ठक्रमांक घातले नव्हते, चित्राखाली ते कोणत्या प्रकरणाशी संबंधित आहे हे लिहिले नव्हते. बांधणाऱ्याने क्रम कशावरून ओळखावा? मौखिक परीक्षेत परीक्षकांनी एका विधानाचा आधार विचारला, तेव्हा त्यांच्या प्रतीत मी सांगितलेल्या जागी भलतेच चित्र होते. दोष माझा होता, आणि तो छपाईचा नसून संपादनाचा होता.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीपासून प्रबंधाची संगणकीय प्रत देण्याची पद्धत आली आणि प्रबंध 'शोधगंगा'वर येऊ लागले. तेथे प्रबंध सामान्यतः प्रकरणनिहाय वेगवेगळ्या फायलींत असतो. वाचक तिसरे प्रकरण उघडतो. चित्रे परिशिष्टाच्या फायलीत असतात. संगणकाच्या पडद्यावर रंगीत पृष्ठाला वेगळा दर नाही. तरीही छापील प्रतीची काटकसर तेथवर सोबत येते.

येथे विज्ञान शाखेतील सहकाऱ्यांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ते वापरतात त्या लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत प्रत्येक आकृतीला एक खूण दिली जाते. आकृती शेवटी नेली किंवा मधे दोन आकृती वाढल्या, तरी मजकुरातील क्रमांक पुन्हा जुळवून घेतले जातात. मराठी विभागांत बहुतेक प्रबंध अद्याप हाताने क्रमांक घालून सिद्ध होतात. एक चित्र गाळले की पुढील सर्व निर्देश चुकतात. सामान्य शब्दलेखनाच्या संगणकप्रणालीतही निर्देश जोडण्याची सोय असते. ती आपण वापरत नाही, इतकेच.

स्वतंत्र विभागाची बाजू

या रीतीला स्वतःचे गुण आहेत, हे मान्य केले पाहिजे. एका चित्रकाराच्या वीस वर्षांतील कृती सलग आठ पृष्ठांवर पाहिल्या म्हणजे जो विकास ध्यानात येतो, तो मजकुरात विखुरलेल्या चित्रांतून येत नाही. पक्ष्यांच्या वा वनस्पतींच्या सदृश जाती ओळखावयाच्या असतील, तर त्या एका पत्रावर शेजारी असणेच इष्ट. तुलना हे जेथे प्रयोजन आहे तेथे एकत्रीकरण आशयाची गरज ठरते. शिवाय आर्टपेपरवरील रंगांची सचोटी साध्या कागदावर मिळत नाही. रंग चुकीचा दिसण्यापेक्षा चित्र दूर असलेले बरे.

म्हणून 'चित्रे एकत्र असावीत की विखुरलेली' हा प्रश्न नेमका नाही. एकत्र केलेल्या चित्रांकडे जाण्याची आणि तेथून परतण्याची वाट ग्रंथाने ठेवली आहे काय, असे विचारणे अधिक योग्य होय. मजकुरातून चित्राकडे जाणारा निर्देश आपल्याकडे बहुधा असतो. चित्राकडून मजकुराकडे येणारा निर्देश जवळजवळ कधीच नसतो. चित्रविभाग चाळणाऱ्या वाचकाला एखादे चित्र आवडले, तर त्याची चर्चा कोणत्या पृष्ठावर आहे हे चित्राखाली सापडत नाही. एका बाजूनेच चालता येईल असा तो पूल आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील अपेक्षा मांडता येतात.

१. चित्रविभागातील प्रत्येक पृष्ठाला, मजकुराच्या क्रमाहून वेगळा का होईना, क्रमांक असावा आणि ग्रंथारंभी चित्रसूची असावी.

२. प्रत्येक चित्राखाली त्याची चर्चा ज्या पृष्ठावर आहे त्याचा क्रमांक द्यावा.

३. शक्य तेथे रंगीत चित्राची लहान कृष्णधवल प्रतिमा मजकुरातच द्यावी आणि रंगीत रूप विभागात ठेवावे. यासाठी एकही जास्तीची प्लेट लागत नाही, आणि प्रकरणाची छायाप्रत काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती निदान चित्राची आकृती तरी राहते.

४. संगणकीय आवृत्ती करताना चित्रे मूळ चर्चेच्या जागी परत न्यावीत. प्रबंधाच्या बाबतीत मार्गदर्शकाने याची खात्री करून घ्यावी.

५. ग्रंथपरीक्षणात चित्रांची संख्या सांगण्याबरोबरच मजकूर व चित्र यांच्या जोडणीचीही चिकित्सा व्हावी.

यांपैकी कोणत्याही अपेक्षेला फारसा खर्च नाही. लागते ती आस्था आणि थोडी आगाऊ बैठक. स्वतंत्र चित्रविभाग हे लेखकाने वाचकाला दिलेले एक वचन असते : 'मी जे म्हणतो आहे, ते तेथे जाऊन पडताळून पाहा.' वाचकाला तेथवर पोहोचता आले नाही, तर विधान राहते आणि पुरावा हरवतो. आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना प्रत्येक विधानाला आधार द्यावयास सांगतो. तो आधार त्यांना पाहता येईल अशा जागी ठेवणे हे ग्रंथ लिहिणाऱ्यांचे, संपादणाऱ्यांचे आणि प्रबंधांना मार्गदर्शन करणाऱ्यांचे कर्तव्य आहे. त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात नेऊन ते चित्र दाखविले. तिने ते बराच वेळ पाहिले आणि मग लेखकाने वर्णिलेला रंग त्यात दिसत नसल्याचे सांगितले. लेखकाचे म्हणणे बरोबर की तिचे, यावर आमची चर्चा पुढे दोन तास चालली. चित्र हाती नसते, तर ती चर्चा झालीच नसती.